पाऊंड निर्दोष आहे

मंगळाच्या वाटेवर नष्ट झालेल्या यानाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. कोणीतरी पाऊंडाचे न्यूटन करायला विसरले आणि यान जळाले! त्यावर ठरलेला टोमणा असतो : अमेरिकेने दशमान पद्धत स्वीकारली असती तर हे घडले नसते. पानिपतचे खापर एकट्या भाऊसाहेबांच्या माथी फोडणाऱ्यांशी तावातावाने वाद घालणारे आपण ही गोष्ट मात्र निमूटपणे पुढे पाठवतो.

दशमान पद्धत तिथे होतीच. 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर'च्या लेखी अटींनुसार थ्रस्टरचा आवेग न्यूटन-सेकंदांत द्यायचा होता. लॉकहीड मार्टिनच्या जमिनीवरील संगणकप्रणालीने तो पाऊंडबल-सेकंदांत दिला. एक पाऊंडबल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. साहजिकच प्रत्येक झोताने होणारा वेगबदल ४.४५ पटींनी कमी मोजला गेला.

पण असे झोत होते तरी किती? यानाचा सौरपंख एकाच बाजूला होता. सूर्यप्रकाशाच्या दाबाने यानाला पीळ बसे, तो आतली फिरती चाके सोसत आणि चाकांत साठलेला कोनीय संवेग उतरवण्यासाठी थ्रस्टर चालवावे लागत. मार्गनिर्देशन चमूच्या अपेक्षेपेक्षा दहा ते चौदा पट अधिक वेळा! त्यातून होणारा वेगबदल बराचसा पृथ्वीच्या दृष्टिरेषेला काटकोनात असल्याने रेडिओ लहरींच्या डॉप्लर मापनात तो थेट दिसत नव्हता. एककाची चूक वाढली ती इथे, आणि हा पंख काही पाऊंडाने बसवला नव्हता.

चूक कोणाला दिसलीच नाही, हेही खरे नाही. प्रवासाचे पहिले चार महिने त्या फाइली स्वरूपातील दोषांमुळे वापरताच आल्या नाहीत. एप्रिल १९९९मध्ये त्या वापरात आल्या आणि लवकरच आकड्यांतली विसंगती चमूच्या लक्षात आली. शंका ई-मेलमधून फिरत राहिली. दोषनोंदीच्या अधिकृत प्रक्रियेत ती दाखल झाली नाही.

मंगळापासूनची नियोजित किमान उंची २२६ किलोमीटर होती. शेवटच्या आठवड्यात अंदाज १५० ते १७० वर आला, अखेरच्या दिवशी ११० वर. यान तगण्याची मर्यादा ८० किलोमीटरची होती. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान ५७ किलोमीटरवरून गेले, हे नंतरच्या गणिताने कळले.

चौकशी मंडळाने मूळ कारण म्हणून एककाचेच नाव घेतले, हे मान्य. पण त्याच अहवालात आठ साहाय्यक कारणेही नोंदवलेली आहेत. अपुरे मनुष्यबळ आणि चमूंमधला तुटक संवाद ही त्यांतलीच. ती मीममध्ये मावत नाहीत, म्हणून आपण गाळतो. आणि अंदाज घसरत असताना पाचव्या मार्गदुरुस्तीची चर्चाही झाली होती. ती दुरुस्ती केली गेली नाही.