पिस्ता म्हटले की पिस्ताच हवा

दिवाळी जवळ आली की नागपूरच्या इतवारीतल्या किराणा बाजारात पिस्त्याला मागणी चढते. खारा पिस्ता भेटीच्या डब्यांत जातो, सोललेला बर्फी, श्रीखंड आणि कुल्फीत. त्यात आता नवा वाटेकरी आला आहे. दुबईच्या फिक्स डेझर्ट चॉकलेटियरने 2021 मध्ये काढलेले पिस्ता-कुनाफा चॉकलेट 2023च्या अखेरीस समाजमाध्यमांवर गाजले, जगभर त्याच्या नकला निघाल्या आणि 2025 मध्ये पिस्त्याच्या गराची टंचाई जाणवली.

ही ओढ उगाच नाही. पिस्त्यात सुमारे 45 टक्के स्निग्धांश आणि 20 टक्के प्रथिने असतात. म्हणून तो दाताखाली खुसखुशीत लागतो आणि वाटला की लोण्यासारखा होतो. त्याचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. लवकर तोडलेल्या फळात हे द्रव्य जास्त असते, म्हणून गडद हिरवा गर महाग. जास्त आच लागली की तो मळकट पडतो. अनुभवी कारागीर पिस्ता खव्याबरोबर आटवत नाही, कढई उतरल्यावर घालतो.

खरा पिस्ता इतका महाग आणि त्याचा रंग इतका ओळखीचा, तिथेच लबाडीला वाव मिळतो. 2022 मध्ये नागपुरातच शेंगदाणे हिरवे रंगवून पिस्ता म्हणून विकण्याचा धंदा पोलिसांनी उघडकीस आणला. यात फक्त गिऱ्हाइकाचा पैसा बुडत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्याच्या हा बनावट पिस्ता जिवावर बेतू शकतो.

मिठाईवाल्यांच्या हातात उपाय आहेत. तयार कतरण घेण्याऐवजी अख्खा गर घ्यावा आणि काप दुकानातच करावेत. नव्या मालातले चार दाणे कोमट पाण्यात टाकावेत; पाणी चटकन हिरवेगार झाले तर माल परत करावा. नागपूरचा उन्हाळा 45 अंशांवर जातो, तेव्हा साठा थंड जागी, हवाबंद डब्यात ठेवावा, नाहीतर तेल खवट होते.

राहिला प्रश्न पिस्ता इसेन्सचा. परवानगी असलेला रंग आणि स्वाद वापरून केलेली बर्फी स्वस्त विकण्यात गैर काही नाही, पण ती ‘पिस्ता बर्फी’ नव्हे, ‘पिस्ता स्वादाची बर्फी’. नागपूरच्या संत्रा बर्फीने नाव कमावले ते संत्र्याच्या गरावर. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लिहिणे 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक करण्यात आले होते. त्याच पाटीवर पिस्ता खरा की स्वाद, हेही लिहायला यंदाच्या दिवाळीपासून सुरुवात करावी.