धुतला, वाळवला, ठेवला

आपल्याकडे छापण्यासाठी येणाऱ्या प्रायोगिक लेखांत एक वाक्य हटकून असते : ‘वेफर आरसीए पद्धतीने स्वच्छ करून घेतला.’ त्यापुढे पातळ थर कसा चढवला, किती तापमानाला, किती दाबाला, याची तीन-चार पाने असतात. प्रयोगशाळेच्या लॉगबुकात तर याहून काटकसर : धुतला, वाळवला, ठेवला. हे तीन शब्द वाचले की मी थबकतो. कशात धुतला आणि ते द्रावण केव्हा कालवले होते? वाळवला कसा? आणि ठेवला तो कुठे, किती वेळ? उपकरण चालणार की नाही, हे पुष्कळदा या तीन शब्दांतच ठरून गेलेले असते.

सिलिकॉनच्या (१००) पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६८० लाख कोटी अणू असतात. गेट ऑक्साइड वाढवण्याआधी त्यावर लोखंड, तांबे अशा धातूंचे अणू हजार कोटींच्या खाली ठेवावे लागतात. म्हणजे ६८ हजार अणूंमागे परका अणू फार तर एक. इतक्या काटेकोर कामाची नोंद आपण एका ओळीत उरकतो.

वर्नर कर्न यांनी ही पद्धत १९६५ मध्ये आरसीए कंपनीत बसवली आणि १९७० मध्ये डेव्हिड पुओटिनेन यांच्यासह ‘आरसीए रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध केली. पहिले द्रावण अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी यांचे, १:१:५ या प्रमाणात, ७५ ते ८० अंशांवर. त्यात दोन कामे एकाच वेळी चालतात. पेरॉक्साइड सिलिकॉनवर ऑक्साइडचा पापुद्रा चढवत राहते आणि अमोनिया तो विरघळवत राहतो. त्यामुळे धुळीच्या कणाखालची जमीनच सरकते. सुटलेला कण पुन्हा बसत नाही, कारण या अल्कली द्रावणात कणावर आणि सिलिकॉनवर दोन्हीकडे ऋण प्रभार असतो. पण तापलेल्या भांड्यातून अमोनिया उडत असतो आणि पेरॉक्साइड विघटत असते. तासाभरानंतरही लॉगबुकात १:१:५ असे लिहिलेले असते. भांड्यात मात्र ते प्रमाण उरलेले नसते. पेरॉक्साइड संपत आले की उरलेला अमोनिया थेट सिलिकॉन कुरतडू लागतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. धुण्यानेच वेफर खराब झाला, हे मग कोणाच्या लक्षात यावे?

त्यापुढची पायरी सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लाची. आपल्यापैकी बहुतेकांनी ती शेकडो वेळा केली असेल, तरी ती एकदा सावकाश पाहण्यासारखी आहे. आरसीएमधून निघालेला वेफर पाण्यातून वर काढला तर पाणी त्याच्यावर चादरीसारखे पसरते. तोच वेफर थोडा वेळ एचएफमध्ये धरून उचलला की पाणी कडेकडून मागे सरते, थेंबाथेंबांनी गोळा होते आणि अळूच्या पानावरून घरंगळावे तसे खाली उतरते. वेफर जवळजवळ कोरडाच वर येतो. कोणतेही उपकरण न लावता डोळ्यांना दिसणारी ही खूण आहे : ऑक्साइड गेला, उघड्या सिलिकॉनवर हायड्रोजन बसला.

तिथे फ्लोरिन असेल, असे बरीच वर्षे मानले जाई. सिलिकॉन-फ्लोरिन बंध अधिक बळकट, तेव्हा टिकणार तोच, हा तर्क सरळ होता. पण हा बंध आपल्या मागच्या सिलिकॉन-सिलिकॉन बंधाला कमजोर करतो. एचएफचा पुढचा रेणू तिथेच घाव घालतो, फ्लोरिनसकट तो सिलिकॉन निघून जातो आणि मागे हायड्रोजन राहतो. १९९० मध्ये बेल प्रयोगशाळेत हिगाशी, शाबाल, ट्रक्स आणि राघवाचारी यांनी एचएफ द्रावणाचा सामू वाढवून (१११) पृष्ठभागावर दर अणूमागे एक हायड्रोजन इतका नेटका थर मिळवला. एका बादलीतल्या ओल्या रसायनाने अणूंच्या पातळीवर सपाट पृष्ठभाग मिळतो, हे मला आजही आपल्या क्षेत्रातले सर्वांत सुंदर काम वाटते.

पण हा थरही अळवावरच्या पाण्यासारखाच. त्याच वर्षी तोहोकु विद्यापीठातून मोरिता, ओहमी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की खोलीच्या तापमानाला सिलिकॉनवर ऑक्साइड वाढायला ऑक्सिजन आणि ओलावा दोन्ही लागतात. एक जरी हटवला तरी वाढ रोखता येते. आपल्याकडे, विशेषतः जून ते सप्टेंबरात, क्लीनरूमबाहेर उघडलेल्या डब्यात या दोहोंचीही वाण नसते.

मी उमेदवारी करत होतो तेव्हाची गोष्ट. एका प्रयोगशाळेत आम्ही सिलिकॉनवर निकेल चढवून, तापवून सिलिसाइड करत होतो. एका बॅचमध्ये ते काही जागी झाले, काही जागी झालेच नाही. भट्टीचे तापमान चुकले असणार, असे धरून आम्ही तीन आठवडे भट्टीच्या मागे लागलो. वेट बेंचवर एक जुने तंत्रज्ञ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी एके दिवशी सहज विचारले, ‘अरे, पण हे धुऊन किती दिवस झाले होते?’ लॉगबुक उघडले. धुण्याची तारीख होती, वेळ नव्हती. पण वार शुक्रवार होता आणि निकेल चढले होते सोमवारी. मध्ये पंप बिघडला होता आणि वेफर प्लॅस्टिकच्या डब्यात पडून होते. निकेलला ऑक्साइड फोडून खाली जाता येत नाही. जिथे पापुद्रा धरला होता तिथे ते वरच राहिले. पुन्हा एचएफ दिले, अर्ध्या तासात वेफर आत घातले आणि सिलिसाइड एकसारखे आले. मोठ्या फॅबमध्ये या मधल्या वेळेला क्यू टाइम म्हणतात. तो उलटला की लॉट थांबतो, पुढचे यंत्र तो घेत नाही. आपल्या प्रयोगशाळांत असे अडवणारे कोणी नसते.

आता वाळवणे. नायट्रोजन गनने फुंकले की झाले, अशी आपली समजूत. पण एचएफनंतरच्या वेफरवर मागे राहिलेला एक थेंब हवेतला ऑक्सिजन शोषतो, खालचे सिलिकॉन ऑक्सिडीकृत होते, त्यातला काही भाग पाण्यात विरघळतो आणि थेंब आटला की तो तिथेच डाग बनून बसतो. पाणी १८.२ मेगाओहम-सेंटिमीटरचे, अगदी निर्मळ असले तरीही! डाग पाण्यातून येत नाही, वेफरमधूनच येतो. म्हणून पाणी आटू न देता ते वेफरवरून ओढून काढायला हवे. फिलिप्सच्या लीनार्स आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली मारांगोनी पद्धत हेच करते. वेफर पाण्यातून सावकाश वर काढताना आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ सोडतात. जिथे पाणी वेफरला टेकते तिथला पृष्ठताण कमी होतो आणि पाणी आपणहून खाली खेचले जाते.

बारीक रचनांमध्ये तर वाळवणे हाच घात. दोन उभ्या भिंतींत २० नॅनोमीटरची फट असेल आणि त्यात पाणी अडकले असेल, तर वक्र पृष्ठभागामुळे त्या भिंती एकमेकींकडे सुमारे ७० वातावरणांच्या दाबाने ओढल्या जातात. फट निम्मी झाली की दाब दुप्पट. अल्कोहोलने तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो, संपत नाही. सूक्ष्मयंत्रांच्या लवचीक पट्ट्या खालच्या तळाला चिकटतात त्या याच ओढीने, आणि एकदा चिकटल्या की सहसा सुटत नाहीत. म्हणूनच अशा रचना ३१ अंश आणि ७४ बारच्या वर नेलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वाळवतात. तिथे द्रव आणि वायू यांच्यात सीमाच राहत नाही, मग ओढणार कोण?

पॉलिशिंगनंतर मागे राहणाऱ्या नॅनोकणांचा विषय स्वतंत्र अंकाचा आहे. इथे एवढेच, की सिलिकाचा कण आणि सेरियाचा कण एकाच रीतीने धुऊन चालत नाही. सेरिया ऑक्साइडशी रासायनिक बंध करतो. ब्रश कितीही फिरवला तरी तो बंध तोडावाच लागतो.

हे सारे आज लिहिण्याचे कारण आहे. धोलेराच्या फॅबची नियोजित क्षमता महिन्याला ५० हजार वेफर आहे. एकेक वेफर प्रक्रियेत अनेक वेळा धुतला जातो, आणि ही कामे करणारी मुले आज आपल्याच महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांना लिथोग्राफीवर आठ तास मिळतात आणि स्वच्छतेवर अर्धा. पवईच्या आयआयटीत २००८ पासून आयएनयूपी योजनेतून बाहेरच्या विद्यार्थ्यांना क्लीनरूममध्ये प्रत्यक्ष काम करायला मिळू लागले, ही मोठी सोय झाली. पण तिथे पोचण्याआधी निदान फ्यूम हूडमध्ये पाणी चादरीसारखे पसरलेले आणि थेंबांनी घरंगळलेले मुलांनी स्वतः पाहिलेले असावे. शिक्षकांना माझी ही कळकळीची विनंती आहे. मात्र एचएफ काढण्यापूर्वी कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी आहे आणि त्याची मुदत संपलेली नाही, हे पाहिल्याशिवाय बाटलीला हात लावू नका, कोणाला लावू देऊ नका. सौम्य एचएफचे भाजणे सुरुवातीला दुखतही नाही.

मामांचे नाव आमच्या त्या शोधनिबंधात कुठेही आले नाही. त्याची खंत आहे.

पुढच्या अंकापासून आपल्या मासिकात प्रायोगिक लेख स्वीकारताना चार गोष्टी मागितल्या जातील : द्रावण कालवल्यापासून वापरेपर्यंत गेलेला वेळ, वाळवण्याची पद्धत, शेवटचे धुणे आणि पुढची पायरी यांतला वेळ, मिनिटांत, आणि ज्याने वेफर धुतला त्याचे नाव. यांतले काही राहिले असेल तर लेख परत येईल, भरून पाठवला की पुन्हा वाचू. फसलेल्या बॅचच्या नोंदीही पाठवा. त्यांच्यासाठी दर महिन्याला दोन पाने राखून ठेवली आहेत.