एक्स-रे कोरा, काडी मात्र आतच

बांबूतोडीच्या हंगामात एक रुग्ण हमखास येतो. महिन्यापूर्वी तळहातात किंवा तळपायात बांबूची काडी घुसलेली असते. एक्स-रे 'नॉर्मल' निघालेला असतो. जखम वरून भरते, पुन्हा सुजते, पुन्हा वाहते. तो विचारतो, "डॉक्टरसाहेब, फोटोत तर काहीच नव्हतं, मग पू येतो कुठून?"

प्रश्न रास्त आहे. एक्स-रे हे सावल्यांचे चित्र असते. वस्तू किती जाड, किती दाट आणि तिचे अणू किती जड, यावर ती किती किरणे अडवते हे ठरते. शिशाचा अणुक्रमांक ८२, लोखंडाचा २६, हाडातल्या कॅल्शियमचा २०. म्हणून छर्रा, खिळा, हाड पांढरे दिसतात. काचही बहुधा दिसते. बांबू, लाकूड आणि बाभळीचा काटा मात्र मुख्यतः कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजनचे बनलेले असतात. आपले मांसही त्याच मूलद्रव्यांचे. त्यामुळे दोघांची सावली सारखीच पडते. कोरड्या लाकडात हवा असल्याने ते सुरुवातीला कधी काळसर दिसते. एक-दोन दिवसांत त्यात शरीरातले पाणी मुरले की तेही हरवते.

अशा वेळी सोनोग्राफी उपयोगी पडते. काडीवरून ध्वनिलहरी परततात, पडद्यावर चमकती रेघ आणि तिच्यामागे काळी सावली उमटते.

चंद्रपूर-गडचिरोलीत बांबू हे पोट भरण्याचे साधन आहे. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ मध्ये बांबूविक्रीचा हक्क मिळवला. बुरुड कारागिरांचे हात तर पिढ्यान्‌पिढ्या बांबूतच आहेत. तरीही सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची तपासणी, एवढेच समीकरण आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडक आहे आणि तो कडकच राहावा. पण जिथे नोंदणीकृत यंत्र आणि पात्र डॉक्टर आहेत, तिथे हातापायाच्या तपासणीसाठी योग्य प्रोब का नसावा? उपजिल्हा रुग्णालयांना तो मिळालाच पाहिजे.

तोवर रुग्णांनी एवढे करावे: काय घुसले ते डॉक्टरांना नेमके सांगावे, मोडलेला तुकडा सोबत आणावा, घरी सुईने उकरू नये, धनुर्वाताचे इंजेक्शन टाळू नये. आणि आम्हा डॉक्टरांनीही कोऱ्या फिल्मपेक्षा रुग्णाच्या सांगण्यावर अधिक विश्वास ठेवावा.