राजपथावर बाईची जागा कोणती?

साताऱ्याचा राजपथ म्हटला की पोवई नाका, मोती चौक, राजवाडा आणि कंदी पेढे आठवतात. अलीकडे या रस्त्याच्या ‘वारशा’बद्दल बरेच बोलले जाते. परवा अशाच एका बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, “या टोपलीवाल्या बायका एकदा हलवल्या की रस्त्याला जुनी शान येईल.” टाळ्या पडल्या. मी गप्प बसले. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

मैत्रिणींनो, जुनी शान म्हणजे कोणाची? १८४८ साली संस्थान खालसा झाले. त्यानंतर हा रस्ता जगला तो बाजारावर. खेड्यातली बाई पहाटे भाजी खुडून एसटीने येते, टोपली रिकामी करते आणि त्याच पैशांतून चहापूड, पोरांच्या वह्या, सासऱ्याची औषधे इथूनच घेऊन जाते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. वाचलेले ते पैसेही याच दुकानांच्या गल्ल्यात पडतात. दुकानात साडी विकली जाते, तिचा फॉल-पिको करणारी बाई घरात वाकून बसलेली असते. पेढ्याच्या दुधामागे शेणघाण काढणारी बाई असते. पाटीवर मात्र ‘अँड सन्स’!

काउंटरमागची मुलगी दिवसभर उभी असते. लघवीला जायचे कुठे, म्हणून पाणीच पीत नाही. हे दुखणे साताऱ्याचेच नाही. केरळात कोळिकोडची मिठाई तेरुवु ही अशीच जुनी, नावाजलेली बाजारपेठ. तिथे पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईने ‘पेण्कूट्ट’ ही संघटना उभी केली. मागण्या दोनच, संडास आणि बसायला जागा. त्या लढ्यातून केरळ सरकारला २०१८ साली दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क घालावा लागला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. आपल्याकडे अजून स्टूल मागायलाही मुली घाबरतात.

“पण वाहतुकीला अडथळा होतो ना?” होतो, नाही असे नाही. पोर कडेवर घेऊन चालणाऱ्या बाईलाही मोकळा पदपथ हवाच. पण मग माप सर्वांना एकच लावा. एका मोटारीच्या जागेत तीन-चार टोपल्या सहज बसतात. मोटार तासन्‌तास उभी राहते, काही विकत नाही, कोणाचे पोट भरत नाही. तिला पार्किंग म्हणायचे आणि टोपलीला अतिक्रमण, हा कुठला न्याय?

आणि वारशाचेच बोलायचे तर कायदा वाचा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांचे हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. शिवाय, जिथे ५० वर्षांहून जास्त काळ पथविक्री चालत आली आहे तो नैसर्गिक बाजार ‘वारसा बाजार’ म्हणून जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात आहे. म्हणजे वारसा फक्त वाड्याच्या चिऱ्यांत नसतो. आजी, सून, नात अशी चालत आलेली टोपलीची जागा हाही वारसाच. ती जागा किती जुनी, हे सिद्ध करायला तिच्याकडे कागद नसतो. तो पुरावा आपण गोळा करायला हवा.

आता थोडे स्वतःकडे बघू. आठ मार्चला याच रस्त्याने आपण घोषणा देत गेलो. कडेला बसलेल्या बाईने मोर्चाला वाट दिली, टोपली मागे ओढली. आपण तिला पत्रक दिले आणि पुढे गेलो. तिची जागा, तिचा संडास, तिचे प्रमाणपत्र आपल्या मागण्यांच्या यादीत कधी होते?

येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपापल्या गावच्या मुख्य रस्त्यावर एक सकाळ बसावे. कोण किती वर्षे बसते ते लिहून घ्यावे. समिती आहे का, तिच्यात बायका किती, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. दुकानातल्या मुलींशी दुकान सुटल्यावर बोलावे.

पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. या वेळी एकटी नाही. टोपलीवाल्या दोघीजणी येते म्हणाल्या आहेत. शान कशाला म्हणायचे, ते त्याच सांगतील.