टीकेवरची टीका : चाहत्यांच्या गेमसंगीताच्या निमित्ताने

मूल्यमापन हे समीक्षेचे काम आहे काय, हा प्रश्न आपल्या चर्चासत्रांतून इतक्या वेळा पुढे ढकलला गेला आहे की आता तो विचारणेच काहीसे ग्राम्य समजले जाते. संहिता, वाचन, प्रतिसाद, सत्ता यांविषयी आपण तासन्‌तास बोलतो. अमुक कृती चांगली की वाईट हे सांगावयाची वेळ आली की विषय बदलतो. हा संकोच ज्यांना परवडत नाही अशा एका क्षेत्राकडे प्रस्तुत लेखात लक्ष वेधावयाचे आहे. व्हिडिओ गेममधील एखादी धून घेऊन पियानोवर, गिटारवर किंवा संगणकावर तिची नव्याने रचना करणारे असंख्य हौशी संगीतकार आज जगभर आहेत. त्यांतील बहुतेकांना या कामाचा मोबदला मिळत नाही. मूळ धुनीचे हक्क कंपनीकडे असल्याने तो मागण्याचीही सहसा सोय नसते. असा रचनाकार आपली कृती इतर चाहत्यांपुढे ठेवतो आणि विचारतो, 'कशी झाली आहे?' मिळणारा अभिप्राय हेच त्याचे मानधन. ते त्याला बहुधा खोट्या नाण्यांत दिले जाते, असे माझे म्हणणे आहे.

पहिले नाणे स्मरणरंजनाचे. 'बालपण आठवले', 'अंगावर काटा आला', एवढ्यावर दाद संपते. ही दाद वस्तुतः मूळ धुनीला असते. पुनर्रचनाकाराने नवे काहीच केले नसते तरी ती मिळाली असती, किंबहुना अधिकच मिळाली असती. दुसरे नाणे दिसावयास अधिक सुबक आहे. खर्जाचे स्वर फार दाटले आहेत, ढोलांचे आघात यांत्रिक वाटतात, घुमारा कमी करावा, दोन वाद्ये एकमेकांना झाकतात, अशा स्वरूपाचे ते असते. अशा सूचनांत तथ्य असते आणि शिकणाऱ्याला त्यांचा लाभही होतो. तालमीत गुरू 'सूर चढा लागतो आहे' असे म्हणतो त्याच जातीची ही दुरुस्ती आहे. मात्र सूर बरोबर लागणे म्हणजे राग मांडला जाणे नव्हे, याची त्या गुरूला जाणीव असते. येथे दुरुस्ती संपली की अभिप्राय संपतो, आणि व्यावसायिक ध्वनिमुद्रणगृहाचा नीटनेटकेपणा हाच सौंदर्याचा निकष होऊन बसतो.

या व्यवहाराचे सर्वांत संघटित रूप पाहावयाचे असेल तर डेव्हिड लॉइड यांनी १९९९ साली अमेरिकेत सुरू केलेल्या 'ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स' या उपक्रमाकडे पाहावे लागेल. चार हजारांहून अधिक पुनर्रचना त्याने आजवर प्रसिद्ध केल्या आहेत. आलेल्या रचनांवर परीक्षकांचे मंडळ मत देते, आणि स्वीकार असो वा नकार, परीक्षकांची लेखी कारणे प्रसिद्ध केली जातात. (आपल्याकडील किती संपादक परत पाठवलेल्या कवितेची कारणे सही करून छापतील?) या उपक्रमाविषयी मला आदर आहे, म्हणूनच त्याच्या निकषांशी भांडण आहे. रचनेत मूळ धून ओळखू आली पाहिजे आणि तिचे प्राबल्य असले पाहिजे, ही तेथील एक प्रमुख अट आहे. तत्त्वतः ती रास्त आहे. परंतु शंका आली की परीक्षक सेकंद मोजावयास बसतात : इतक्या सेकंदापासून इतक्या सेकंदापर्यंत मूळ धून ऐकू येते, तेव्हा बेरीज निम्म्यावर जाते की नाही?

या मापाने ज्ञानेश्वरी नापास होते. गीतेचे श्लोक ७००, ओव्या सुमारे ९,०००. 'मुळाचे प्राबल्य' कोठे राहिले? तरीही भावार्थदीपिका ही गीतेवरील टीका आहे याविषयी कोणाला संशय नाही, कारण मुळाशी असलेले तिचे नाते ओव्यांच्या संख्येत नसून अर्थाच्या उलगड्यात आहे. 'टीका' हा शब्द आपल्या भाषेत भाष्य आणि दोषदर्शन या दोन्ही अर्थांनी वावरतो, ही येथे सोयीची गोष्ट आहे. माझे प्रतिपादन असे की चाहत्याने केलेली पुनर्रचना ही मूळ गेमवरची टीका असते. तो त्या गेमविषयी काही म्हणत असतो. शब्दांऐवजी स्वरांत म्हणतो इतकेच. तेव्हा त्याच्या कृतीवर अभिप्राय देणे म्हणजे टीकेवर टीका करणे होय, आणि ती गेमविषयी बोलल्यावाचून होऊ शकत नाही. 'आधी संगीताविषयी बोलू, गेमच्या गप्पा नंतर मारू' ही विभागणीच मुळात चुकीची आहे.

यावर स्वायत्ततावाद्यांचा आक्षेप ठरलेला आहे : संगीत संगीत म्हणून टिकले पाहिजे, गेमचे संदर्भ हे बाह्य साहचर्य होय. मर्ढेकरांच्या लयविचारावर वाढलेल्या मराठी अभ्यासकाला हा आक्षेप सहज पटेल. पण ज्या संगीताविषयी आपण बोलतो आहोत त्याची लय कोठून येते, हे प्रथम पाहू. १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या गेममध्ये चार उतरत्या खर्जस्वरांची एकच आवृत्ती सतत वाजत राहते. खेळणारा शत्रू टिपत जातो, उरलेले शत्रू अधिक वेगाने सरकू लागतात आणि त्यांच्याबरोबर ही आवृत्तीही द्रुत होत जाते. म्हणजे त्या संगीताचा वेग खेळणाऱ्याच्या यशाने वाढतो, आणि त्या यशाचाच त्याला धाक वाटू लागतो. कोजी कोंडो यांनी संगीत दिलेल्या १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' मध्ये वेळेचा आकडा शंभराखाली गेला की हीच ओळखीची धून घाईने वाजू लागते. पाण्याखालच्या टप्प्यात संगीत तीन मात्रांच्या वॉल्ट्झचे रूप घेते, कारण तेथे धावणे संपून तरंगणे सुरू झालेले असते. या उदाहरणांत लय ही कृतीच्या आत आहे आणि कृती खेळणाऱ्याच्या हातात आहे. रोलां बार्त यांनी १९७० च्या 'मुझिका प्राक्टिका' या निबंधात ऐकावयाचे संगीत आणि स्वतः वाजवावयाचे संगीत असा भेद केला होता, आणि दुसऱ्याचे स्थान हातात, स्नायूंत असल्याचे म्हटले होते. गेमचे संगीत खेळणारा वाजवीत नसला तरी तो ते हातांनीच ऐकतो. मर्ढेकरांचा संवाद, विरोध आणि समतोल यांचा व्यूह येथे लागू पडत नाही असे नाही. फक्त त्याचा एक घटक बटणावरच्या अंगठ्यात आहे, हे मान्य करावे लागेल.

हे मान्य केले की अभिप्रायाची भाषा बदलते. मारिओची धून कोणी संथ जॅझच्या अंगाने बांधली तर 'छान, निवांत वाटले' हा अभिप्राय पुरेसा ठरत नाही. ज्या गेममध्ये वेग म्हणजे संपत चाललेला वेळ, तेथील घड्याळच रचनाकाराने काढून टाकले आहे. मग त्या जागी त्याने काय ठेवले, हा खरा प्रश्न असतो.

वाद्यवृंदाचा मोह हा याच विवेचनात येणारा, पण स्वतंत्रपणे झोडपण्याजोगा विषय आहे. कोइची सुगियामा यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट' चे संगीत गेमच्याच वर्षी, १९८६ मध्ये, वाद्यवृंदासाठी बांधले. ते संगीतकाराचे स्वतःचेच काम होते. परंतु त्यानंतर चाहत्यांत अशी समजूत रुजली की वाद्यवृंद हा गेमसंगीताचा मोक्ष आहे : यंत्राच्या मर्यादेत गुदमरलेल्या धुनीचा चाळीस व्हायोलिनांनी उद्धार करावयाचा. कमोडोर ६४ या संगणकाच्या ध्वनिचकतीत तीनच आवाज होते. तेव्हा रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे आदी रचनाकार स्वरसंघातील स्वर एकामागोमाग एक इतक्या झपाट्याने वाजवीत की कानाला ते एकत्र भासावेत. त्यातून जी थरथर निर्माण झाली ती त्या संगीताची शैली बनली. पुनर्रचनाकार त्या जागी भरघोस, स्थिर स्वरसंघ घालतो आणि अभिप्राय देणारे म्हणतात, 'आता कसे भरल्यासारखे वाटते!' अभाव भरून निघाला खरा, पण थरथर गेली. ती जावी असे रचनाकाराला वाटत होते काय, हे कोणी विचारीतच नाही.

आता एक धून सविस्तर पाहू. 'द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकॅरिना ऑफ टाइम' (१९९८) या गेममध्ये कोंडो यांची 'वादळाची धून' आहे. मोठा झालेला नायक एका पवनचक्कीत येतो. तेथे एक वादक यंत्राचा दांडा फिरवीत ती तीन मात्रांची, गरगरणारी धून वाजवीत संतापाने सांगतो की सात वर्षांपूर्वी एका पोराने येथे येऊन ही धून वाजवली आणि चक्की बिघडवली. नायक ती धून त्याच्याकडून शिकतो, सात वर्षे मागे जातो आणि बालरूपात त्याच चक्कीत ती वाजवतो. पाऊस येतो, चक्की भरधाव फिरते, गावची विहीर कोरडी पडते. तो पोरगा म्हणजे नायकच. मग ही धून रचली कोणी? वादक ती मुलाकडून शिकला, मुलगा वादकाकडून. जिला उगमच नाही अशी ही धून आहे. आंतरसंहितात्मकतेवर आपण लिहिलेले कित्येक प्रबंध हे एक दृश्य सहा स्वरांत उरकते. आणि अशा धुनीच्या पुनर्रचनेत 'मूळ' किती सेकंद आहे, हे मोजावयास बसणाऱ्याच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडे!

समजा, एखाद्या तरुणाने या धुनीची भव्य रचना केली. आरंभी विजांचा कडकडाट, मग पावसाचा आवाज, मग तंतुवाद्ये, आणि शेवटी सगळी वाद्ये एका ठाम, पूर्णविरामी स्वरावर येऊन थांबतात. स्मरणरंजनवाला गहिवरेल. दुरुस्तीवाला म्हणेल, पावसाचा आवाज थोडा कमी कर. समीक्षकाने त्याला विचारावयास हवे : गेममध्ये पाऊस धुनीनंतर येतो, ती पाऊस आणते, तू पाऊस आधी पाडलास. तेव्हा तुझी धून वादळाला आज्ञा करीत नाही, त्याला केवळ सामोरी जाते. हे तुला अभिप्रेत असेल तर मधला भाग इतका विजयी का? आणि जिला आरंभ नाही तिला तू असा कायमचा शेवट का दिलास? ती फिरत्या चक्कीसारखी पुन्हा पहिल्या स्वरात शिरू शकली नसती काय? या प्रश्नांची चांगली उत्तरे त्याच्यापाशी असतीलही. ती असली तर रचना टिकेल, नसली तर पुढची रचना सुधारेल. आवाज वरखाली करून यांतले काहीच साधणार नाही.

विद्यापीठीय सिद्धांताने या क्षेत्राकडे अगदी दुर्लक्ष केले असे नाही. हेन्री जेंकिन्स यांच्या 'टेक्स्च्युअल पोचर्स' (१९९२) पासून चाहत्यांना निष्क्रिय ग्राहक न मानता निर्माते मानण्याची प्रथा पडली, आणि ती आवश्यकच होती. पण चाहता निर्माता आहे असे म्हणून थांबणे ही त्याची उपेक्षाच आहे. निर्मात्याला त्याची निर्मिती कशी आहे हे ऐकावयाचे असते. सांस्कृतिक अभ्यास त्याला सांगतो की तू निर्मिती करतोस हेच किती प्रतिकारशील आहे. आश्रितासारखी पाठ थोपटण्याचाच हा प्रकार होय. या क्षेत्रातून आलेल्यांचे कर्तृत्व पाहता त्याची गरजही नाही. टी लोपेस यांनी सोनिकच्या धुनींच्या हौशी पुनर्रचना केल्या होत्या. २०१७ च्या 'सोनिक मेनिया' चे संगीत त्यांच्याकडेच आले. टोबी फॉक्स यांनी 'अर्थबाउंड' या गेमच्या २००८ मधील आपल्या हौशी रूपांतरात 'मेगॅलोव्हानिया' ही धून वापरली आणि पुढे २०१५ साली स्वतःच्या 'अंडरटेल' मध्ये तिला जागा दिली. तेथे ती वाजते ती खेळणाऱ्याने सर्वांचा संहार करण्याचा मार्ग पत्करल्यावर, त्या संहाराचा जाब विचारणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढताना. धून तीच राहिली, पण ऐकणारा आरोपी झाला. आज 'मेगॅलोव्हानिया' ची जोशपूर्ण रचना करणाऱ्याला विचारलेच पाहिजे की हा जोश कोणाचा, मारणाऱ्याचा की जाब विचारणाऱ्याचा?

माझ्याविरुद्ध सर्वांत बळकट साक्ष जपानमधून येईल. 'तोहो' मालिकेच्या १९९८ मधील एका गेममधील 'बॅड ॲपल' या धुनीची २००७ साली एका हौशी संगीतमंडळाने गायनासह पुनर्रचना केली. ती ऐकणाऱ्या बहुतेकांनी तो गेम पाहिलेलाही नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही. हे खरे आहे. गीता न वाचता ज्ञानेश्वरी वाचणारेही पुष्कळ आहेत. टीका स्वतंत्र ग्रंथ म्हणून नांदू शकते, हे तिचे भाग्य. पण ती लिहिली जात असताना लिहिणाऱ्यापुढे मूळ ग्रंथ असतो, आणि 'कशी झाली आहे?' हा प्रश्न त्या क्षणीचा असतो. गेम न खेळलेल्यानेही उत्तर द्यावे. आपण खेळलेलो नाही हे सांगून द्यावे, आणि ऐकताना हाताला काय करावेसे वाटले तेही सांगावे. असे अज्ञ पण प्रामाणिक उत्तर पुष्कळदा जाणकाराच्या गहिवरापेक्षा उपयोगी पडते.

नवख्याशी इतक्या कठोरपणे बोलू नये, तो खचेल, असे सुचवले जाते. सोळा वर्षांच्या मुलाने महिनाभर खपून केलेल्या रचनेला एका ओळीची दाद मिळते तेव्हा तो खचत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या मुलाची पुढची रचना शोधून पाहावी. अनेकदा ती सापडत नाही.