पहिली माशी आली, अन् पंपही निघाले

मंडळी, काल सकाळी आठच्या सुमारास गावाबाहेर डेंगळ्यांच्या प्लॉटवर यंदाच्या पहिल्या मधमाशा दिसल्या. फुलोरी माशी, बारीक, तांबूस. अर्ध्या तासात मोजून सात! आणि दोन बांध सोडून पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, फवारणी जोरात. वेळ सकाळी साडेआठ. म्हणजे माशी फुलावर बसायची वेळ.

कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि स्त्रीकेसर मागून तयार होतो. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर कुणीतरी न्यावा लागतो. ते काम माशी करते, फुकट. ती नसली की गोंडा वरून टपोरा आणि आत बी पोकळ. मग 'हवामानाने घात केला' अशी बातमी येते. मीही छापली आहे, कबूल करतो.

शेतकऱ्याला दोष देत नाही मी. फुलकिडे दिसले की त्याचा जीव वरखाली होतो. तो दुकानात जातो, दुकानदार दोन बाटल्या हातात ठेवतो. फिप्रोनिल माशीला जहाल विष आहे हे काउंटरपलीकडून कुणी सांगत नाही. पुढे बी भरेना म्हणून हाच शेतकरी पेट्या भाड्याने आणतो. पेटीतली माशी दोन-तीन किलोमीटर सहज जाते, म्हणजे शेजाऱ्याच्या पंपाखाली. भाडं याचं, विष त्याचं!

'फवारलं नाही तर पीक जाईल' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, फवारू नका असं कोण म्हणतंय? किडीचा बंदोबस्त गोंडे उमलायच्या आधी करा. उमलल्यावर अगदीच वेळ आली तर माशीला कमी घातक औषध घ्या, आणि तेही दिवस मावळल्यावर. पण हे बांधावर येऊन सांगायचं काम कुणाचं?

कृषी खात्याचं मधमाशीप्रेम २० मेला, जागतिक मधमाशी दिनाला उफाळून येतं. बॅनर, हार, फोटो. (फोटो आम्हीच छापतो.) तोवर इकडे गोंडे खुडून खळ्यावर वाळत पडलेले असतात. साहेब, फुलं आत्ता आहेत! दवंडी द्या, देवळाच्या भोंग्यावरून सांगा, व्हॉट्सॲपवर टाका, पण याच आठवड्यात. आणि औषध दुकानदारांना एकदा बोलावून घ्या.

उद्या तालुका कृषी कार्यालयात हेच विचारायला जातोय. तुमच्या डेंगळ्यांवर सकाळी अर्ध्या तासात किती माशा दिसल्या ते गावाच्या नावासह कळवा. आकडे सोबत नेतो.