घड्याळ कामगाराच्या मनगटावर, हिशेब कुणाकडे?

2015 साली आलेले स्मार्ट सिटी मिशन महाराष्ट्रात महापालिकांपुरतेच राहिले. नगरपरिषदा, नगरपंचायतींनाही डिजिटल कामांसाठी निधी मिळालाच पाहिजे. आमचा विरोध यंत्राला नाही. यंत्राची नजर कुणावर, हा आमचा सवाल आहे. नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे आली. कामगाराचे मिनिट मोजता, मग कंत्राटदाराने किमान वेतन दिले का, पीएफ भरला का, हेही जाहीर दाखवा! दुर्बल घटकांचे हितरक्षण हा विषय 74व्या घटनादुरुस्तीनेच बाराव्या अनुसूचीत घातला आहे. तेव्हा मित्रांनो, गावात डिजिटल निधीचा ठराव येईल, त्या दिवशी नगरसेवकाला गाठा. अट एकच: आधी कंत्राटदाराचा हिशेब उघडा, मग कामगाराची हजेरी मोजा. जय भीम!